संचालक कोण, यावर टनाचा दर ठरतो का?

(ऊस विकास अधिकारी, सिंदेवाही गट)



संचालक मंडळाच्या निवडणुकीचे वारे सुटले की आमच्या गट कार्यालयात ऊसलागणीच्या नोंदी मागे पडतात आणि पॅनेलच्या गोष्टी पुढे येतात. कोणत्या गावाला उमेदवारी, कोण कोणाचा माणूस, मागच्या खेपेला कोणी कोणाला पाडले, हेच चालते. या गप्पांत एका सभासदाने सरळच विचारले, "साहेब, त्या खुर्चीवर कोणीबी बसला तं आमच्या उसाले का फरक पडते? भाव तं दिल्लीतच ठरते ना!" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख.

आम्ही कारखान्याचे नोकर. कोणाला मत द्यावे हे सांगणे आमचे काम नव्हे, आणि सांगितलेच तर तुम्ही ऐकणारही नाही. पण मंडळाची घडण आणि कारखान्याचा पैसा यांचा संबंध कसा असतो, याविषयी पुष्कळ माहिती आज उपलब्ध आहे. त्यातील काही तर आपल्याच महाराष्ट्रातील कारखान्यांच्या आकड्यांवरून निघालेली आहे. ती सभासदांपुढे ठेवायला हरकत नसावी.

आधी दिल्लीच्या भावाचे पाहू. 2009 पासून केंद्र सरकार उसाला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवून देते. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला हा दर क्विंटलमागे 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550 रुपये असा ठरला. उतारा 0.1 टक्क्याने वाढला की क्विंटलला 3 रुपये 46 पैसे जास्त. यातून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होतो आणि उरलेली रक्कम ऊस दिल्यापासून 14 दिवसांत सभासदाच्या खात्यावर पडली पाहिजे. उशीर झाला तर कायद्याने सालीना 15 टक्के व्याज लागते. इथपर्यंत संचालक मंडळाच्या हाती काही नाही असे वाटते खरे. पण हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचा. उतारा किती निघाला, तोडणी-वाहतूक किती कापली, पैसे चौदाव्या दिवशी पडले की चौथ्या महिन्यात, या तिन्ही गोष्टी दिल्लीत ठरत नाहीत. त्या आपल्या कारखान्याच्या मीटिंग हॉलमध्ये ठरतात. आणि एफआरपी हा तळ आहे, माथा नव्हे. त्याच्यावर किती द्यायचे, द्यायचे की नाही, हे हंगामाच्या हिशेबानंतर मंडळच ठरवते.

एक साधा हिशेब मांडू. समजा एखादा कारखाना हंगामात 3 लाख टन ऊस गाळतो. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही नेहमी सांगतो. तोडणीचा कार्यक्रम बिघडला, ऊस फडात दोन-दोन दिवस पडून राहिला, किंवा वशिल्याने अपक्व ऊस आधी आणि पक्व ऊस मागून आला, तर उतारा अर्ध्या टक्क्याने सहज खाली येतो. अर्धा टक्का म्हणजे टनामागे 5 किलो साखर. 2019 साली ठरलेला किलोला 31 रुपये हा किमान विक्री दर धरला, तरी टनाला 155 रुपये आणि 3 लाख टनांना 4 कोटी 65 लाख रुपये गेले. शिवाय उतारा घटल्यामुळे पुढे सभासदाचा हक्काचा दरही टनाला 173 रुपयांनी घसरू शकतो, तो निराळाच. आता दुसरीकडे समजा की मंडळाने गरज नसताना 60 कोटींचे कर्ज काढून यंत्रसामग्री वाढवली आणि तेवढा ऊस कार्यक्षेत्रात नाही. 12 टक्क्यांनी व्याज झाले 7 कोटी 20 लाख. म्हणजे टनामागे 240 रुपये. हे 240 रुपये कोणी चोरले नाहीत, कोणाच्या घरी गेले नाहीत. एका ठरावाने गेले. ठरावावर हात वर करणारे कोण होते, हाच मंडळाच्या घडणीचा प्रश्न.

तलावाच्या पाळीवरचा न्याय

आपल्या मुलखात ही गोष्ट नवी नाही. सिंदेवाही म्हटले की आज धान आणि धानाचे संशोधन केंद्र आठवते. पण या झाडीपट्टीत ऊसही जुना आहे. भंडारा-चांदा भागातील कोहळी समाजाने तलाव बांधून त्यांच्या पाण्यावर धान आणि ऊस पिकवला, गावोगाव गुऱ्हाळे चालवली. गोंड राजांच्या काळी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत होती. पुढे मालगुजारी आली, 1950 च्या कायद्याने ती गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आपण अजून त्यांना मामा तलावच म्हणतो.

या तलावांखाली ज्याची बांधी आहे त्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पाण्याची वाटणी ठरवायला बसलेली सगळी माणसे तलावाच्या तोंडाजवळची असली, तर शेपटाकडच्या बांधीत पाणी पोचत नाही. तोंडाजवळची माणसे काही वाईट नसतात. त्यांच्या बांधीत पाणी भरलेले दिसते, म्हणून त्यांना वाटते सगळीकडेच भरले असेल. 2005 साली महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापनाचा जो कायदा केला, त्यात पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळावर तोंडाच्या, मधल्या आणि शेपटाच्या भागातून सारखेच प्रतिनिधी घ्यावेत अशी तजवीज आहे. कायदा करणाऱ्यांनी हे ज्ञान कुठल्या परदेशातून आणले नसावे. कोणत्याही कालव्याच्या शेवटच्या माणसाला विचारले असते तरी पुरे होते.

साखर कारखान्याचेही तोंड आणि शेपूट असते. एक तर अंतराने: गव्हाणीपासून पाच किलोमीटरचा सभासद आणि आपल्यासारखा लांबचा. दुसरे म्हणजे जमिनीने: पन्नास एकर उसाचा बागायतदार आणि एक एकरवाला. यातल्या दुसऱ्या भेदावर महाराष्ट्रात फार मोलाचा अभ्यास झालेला आहे.

महाराष्ट्राच्या कारखान्यांचा अभ्यास

2019 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी, आणि त्यांचे सहकारी दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी व देबराज रे, या चौघांनी महाराष्ट्रातील जवळजवळ 100 सहकारी साखर कारखान्यांची 1971 ते 1993 या काळातील माहिती तपासली आणि 2001 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न असा होता की सभासदांत मोठे बागायतदार किती आणि छोटे शेतकरी किती, यावरून उसाचा दर बदलतो का?

त्यांचा विचार समजायला अवघड नाही. सहकारी कारखान्यात मोठ्या-छोट्या सर्वांना टनाला एकच दर द्यावा लागतो. मोठ्या माणसाला दरातून जास्त काढता येत नाही. दर वाढवला तर तो सगळ्यांनाच वाढवावा लागतो. मग मंडळावर मोठ्यांचा ताबा आणि ऊस घालणारे बहुतेक छोटे अशी स्थिती असेल, तर ताबेदारांना दर दाबून ठेवणे सोयीचे पडते. दर दाबला की पैसा कारखान्यात शिल्लक राहतो, आणि शिल्लक पैसा कसा खर्च करायचा हे मंडळ ठरवते. त्या खर्चाचा लाभ सर्वांना सारखा होईलच असे नाही. उलट, जिथे जवळपास सगळेच मोठे आहेत तिथे दर दाबण्यात कोणाचाच फायदा नाही. आणि जिथे छोटे इतके बहुसंख्य आहेत की मतपेटीवर त्यांचाच जोर चालतो, तिथे दर पुन्हा वर येतो. सर्वांत कमी दर मधल्या अवस्थेत, म्हणजे छोटे पुष्कळ झाले पण सत्ता अजून मोठ्यांकडेच आहे अशा ठिकाणी. कारखान्यांच्या आकड्यांनी त्यांच्या या विचाराला दुजोरा दिला.

आम्ही हा निष्कर्ष प्रथम ऐकला तेव्हा थोडे अस्वस्थ झालो, हे सांगितले पाहिजे. कारण टनामागे होणाऱ्या कपातींतून आणि बिनपरतीच्या ठेवींतून महाराष्ट्रात शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहिले आहेत, आणि खेड्यातल्या मुलामुलींनी त्यांचा लाभ घेतला आहे. प्रत्येक कपात म्हणजे लूट असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. पण कपातीच्या ठरावाच्या वेळी ज्याचा ऊस फक्त चाळीस टन आहे असा एखादा तरी माणूस टेबलाशी होता का, हे विचारणे गैर नाही. त्याला टनामागचे 50 रुपये म्हणजे पोराच्या वह्यापुस्तकांचे 2,000 रुपये असतात.

दुसरा अभ्यास संदीप सुखटणकर यांचा, 2012 साली प्रसिद्ध झालेला. 1993 ते 2005 या काळात महाराष्ट्रातील निम्म्याहून जास्त कारखान्यांचे अध्यक्ष कधी ना कधी विधानसभा वा लोकसभेच्या निवडणुकीला उभे होते. अशा कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी उसाला दिलेला दर खाली गेलेला त्यांना आढळला. गंमत अशी की अध्यक्ष निवडून आले, तर पुढे त्यातले काही शेतकऱ्यांना परत मिळाल्याचीही चिन्हे त्यांना दिसली. म्हणजे राजकारणी अध्यक्ष हा निव्वळ तोटाच, असेही म्हणता येत नाही. सरकारदरबारी वजन असलेला माणूस कर्जाची थकहमी आणतो, रस्ता आणतो, हे आपणही जाणतो. फक्त त्या वजनाची किंमत कोण भरतो, हे पाहावे.

प्रवरेचे जोडगोळीचे उदाहरण

चांगल्या मंडळाचे उदाहरण म्हणून आम्ही लोणीच्या प्रवरा कारखान्याची सुरुवात सांगतो. 1948 साली नोंदणी, 1950-51 साली पहिला गाळप हंगाम. त्यामागची मुख्य शक्ती विठ्ठलराव विखे पाटील. शिक्षण बेताचे, पण गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा करणारा, जमिनीचा आणि माणसांचा अंदाज असलेला हा शेतकरी होता. पण पहिले अध्यक्ष ते झाले नाहीत. अध्यक्ष झाले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ, जे पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. गाडगीळांचा ना ऊस, ना त्या मुलखात मतांची गरज.

ही जोडी का जमली याचा विचार करण्यासारखा आहे. एकाला उसाच्या दराशी रक्ताचे नाते. दर पडला तर त्याच्या शेजाऱ्याची चूल विझते. दुसऱ्याला ताळेबंद वाचता येतो, सरकार आणि वित्तीय संस्था यांच्याशी बरोबरीने बोलता येते आणि कोणाचे मिंधेपण नसल्यामुळे "हे करू नका" असे म्हणता येते. नुसता पहिला असता तर कारखाना उत्साहात कर्जबाजारी होण्याचा धोका होता. नुसता दुसरा असता तर शेतकऱ्यांनी भागाचे पैसेच दिले नसते. महाराष्ट्राच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे पाऊल अशा मिश्र मंडळाने पडले, आणि त्याकडे पाहून पुढे इतरांनी कारखाने काढले. प्रवरेच्या यशात पाणी, जमीन, त्या वेळचे सरकारी धोरण यांचाही वाटा आहेच. सगळे श्रेय मंडळाला देणे बरोबर नाही.

नामवंत माणसे आणली की झाले, असा अर्थ मात्र यातून काढू नये. त्यासाठी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स कंपनीची हकिगत आठवावी. त्या कंपनीच्या मंडळावर अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक होते, हैदराबादच्या नामांकित बिझनेस स्कूलचे डीन होते. कागदावर इतके चांगले मंडळ शोधून सापडले नसते. 16 डिसेंबर 2008 रोजी या मंडळाने, कंपनीचा पैसा घालून संस्थापकाच्या घरच्याच दोन कंपन्या विकत घेण्यास मंजुरी दिली. भागधारकांनी ओरड केल्यावर तो बेत काही तासांत मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, 7 जानेवारी 2009 रोजी, अध्यक्षांनीच पत्र लिहून कळवले की हिशेबात 7 हजार कोटींहून अधिक रकमेचे खोटे आकडे आहेत. विद्वान संचालक बैठकीला येत होते, चहा घेत होते आणि जात होते. त्यांना आकडे वाचता येत नव्हते असे कोण म्हणेल? पण त्यांनी पुढ्यात ठेवलेल्या कागदापलीकडे विचारले नाही. सरकारने मंडळ बरखास्त करून नवे नेमले, आणि एप्रिल 2009 मध्ये ती कंपनी टेक महिंद्राकडे गेली.

सहकारात याच्या जवळचे उदाहरण म्हणजे महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. मे 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून तिचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले आणि त्यांच्या काळात बँक नफ्यात आली. त्या मंडळावरचे बरेच जण स्वतः कारखाने आणि सूतगिरण्यांशी संबंधित होते. कर्ज मागणारा आणि कर्ज देणारा एकाच टेबलाशी बसला की व्याजाचा हिशेब कोण विचारणार? याचा अर्थ प्रशासकच बरे असाही नाही. प्रशासकाला ऊस लागत नाही आणि सभासद पाडूही शकत नाही.

कंपन्यांचे अनुभव आणि आपला कायदा

जगभर कंपन्यांच्या मंडळांवर पुष्कळ संशोधन झाले आहे. त्याचा सारांश सांगायचा तर जरा निराशाच पदरी येते. अमेरिकेत 1996 साली डेव्हिड यरमॅक यांनी दाखवले की लहान मंडळ असलेल्या कंपन्यांना बाजारात जास्त किंमत मिळते. पण बाहेरचे, स्वतंत्र संचालक वाढवले की नफा वाढतो, असे मात्र तिथल्या मोठ्या पाहणीत दिसून आले नाही. नॉर्वेने 2003 साली कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या मंडळांवर 40 टक्के जागा स्त्रियांना ठेवल्या आणि 2008 पासून तो सक्तीने लागू झाला. 2012 सालच्या एका अभ्यासाने म्हटले की यामुळे कंपन्यांची किंमत घटली; त्याच आकड्यांची पुन्हा छाननी झाली तेव्हा 2022 साली दुसऱ्यांनी म्हटले की तसे ठामपणे म्हणता येत नाही. म्हणजे नुसती डोकी मोजून भागत नाही. शिवाय उलटेही असते: ज्या कारखान्याला पाणी, जमीन आणि हवामान लाभले, तिथे पैसा असतो, भांडणे कमी होतात आणि मंडळ शहाणे दिसते. कोल्हापूर विभागाचा उतारा राज्यात सर्वाधिक असतो, तो काही तिथल्या संचालकांनी आकाशातून आणलेला नाही. विदर्भाच्या उन्हात त्यांच्याशी बरोबरी करू नये. आपला कारखाना आपल्याच पाच वर्षांपूर्वीच्या कारखान्याशी ताडून पाहावा.

आपल्या राज्याचा सहकार कायदा 2013 साली बदलला. आता मंडळावर जास्तीत जास्त 21 संचालक असू शकतात. त्यात 2 जागा महिलांना, 1 अनुसूचित जाती-जमातींना, 1 इतर मागासवर्गाला आणि 1 विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गाला राखीव असतात. याशिवाय बँकिंग, व्यवस्थापन, सहकार, अर्थ वगैरे विषयांतील 2 तज्ज्ञ संचालक घेता येतात. त्यांना पदाधिकारी होता येत नाही आणि पदाधिकाऱ्यांच्या निवडीत मतही नसते. म्हणजे गाडगिळांसारख्या माणसाला आता अध्यक्ष करता येणार नाही, पण टेबलाशी बसवता येईल. ही तज्ज्ञाची जागा पडलेल्या उमेदवाराची समजूत काढायला वापरली जाते, असे इकडे तिकडे ऐकू येते. तसे होत असेल तर कारखान्याने एक फुकटचे औषध नाकारले असे आम्ही म्हणू. हिशेब तपासलेला एखादा निवृत्त बँक अधिकारी, साखर तंत्रज्ञ, कृषी विद्यापीठातला ऊस जाणणारा माणूस, अशांपैकी दोन माणसे मिळणे काही कठीण नाही.

महिलांच्या जागांविषयीही थोडे बोलू. बेणे निवडणे, निंदण, खत देणे ही कामे घरोघरी बायका करतात. पण सभासद नोंदवहीत भाग असतो पुरुषाच्या नावावर. त्यामुळे उमेदवारी शोधायची वेळ आली की कोणाची तरी सौभाग्यवती पुढे केली जाते आणि बैठकीला सौभाग्यवतींचे मालक हजर राहतात. जागा भरली, माणूस आला नाही. ज्या घरी बाई शेती पाहते तिथे भाग तिच्या नावे वेगळा घ्यावा, किंवा पोटनियमांत बसेल तसा वर्ग करावा. त्यासाठीचा अर्ज भरायला गट कार्यालय मदत करील.

शेवटच्या टोकाचे आपण

आता आपल्या सिंदेवाही गटाचे. इथे ऊस थोडा. धानाच्या बांध्यांमध्ये, तलावाच्या किंवा बोअरच्या ओलितावर कुठे एकर, कुठे दोन एकर. एका सभासदाला एक मत, मग भाग कितीही असोत, हे सहकाराचे सूत्र आपल्या बाजूने आहे. पण सभासदच कमी, म्हणून गटाची मतेही कमी. अशा टोकाच्या गटाची गोष्ट टेबलावर कशी सुटते ते सांगतो.

तोडणी-वाहतुकीचा खर्च सर्वांच्या उसावर सरासरीने कापण्याची पद्धत राज्यात आहे. जवळचा सभासद म्हणतो, लांबच्या उसाचे भाडे मी का भरू? त्याच्या दृष्टीने खरे आहे. लांबचा म्हणतो, कारखान्याची क्षमता भरावी म्हणून तुम्हीच ऊस लावायला सांगितला. तेही खरे आहे. मंडळावर फक्त जवळचे असले तर एक दिवस लांबचा ऊस "परवडत नाही" असा ठराव होतो. फक्त लांबचे असले तर कार्यक्षेत्राबाहेरून ऊस ओढण्याचा खर्च फुगतो. दोन्ही टोकांची माणसे असतील तरच भांडण होऊन मधला आकडा निघतो. टेबलावरचे हे भांडण कारखान्याला स्वस्त पडते.

आणि काही गोष्टी तर कळायलाच इथला माणूस लागतो. आपला भाग ब्रह्मपुरी वनविभागाचा. वाघ उसात दडतो, रानडुकरे एका रात्रीत फड आडवा करतात. तोडणीच्या टोळ्या पहाटे अंधारात फडात शिरायला राजी नसतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. त्यामुळे इथली तोड उशिरा सुरू होते, गाडी उशिरा भरते, ऊस गव्हाणीत दुसऱ्या दिवशी पडतो. सपाटीवरच्या संचालकाला कागदावर एवढेच दिसते की सिंदेवाही गटाची वाहने वेळेवर येत नाहीत. त्याला दोष देऊन काय उपयोग? त्याने वाघ पाहिलेला नाही. पण इथला एखादा माणूस मंडळावर असेल तर तो सांगेल की या गटाचा तोडणी कार्यक्रम दिवसाउजेडी बसवा, सलग प्लॉट एकदम तोडा, जंगलाच्या धुऱ्यावरचा ऊस आधी घ्या. यात कारखान्याचा एक पैसा जास्तीचा जात नाही, उतारा मात्र वाचतो.

मत देण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने वार्षिक अहवाल घेऊन बसावे. सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते आणि अहवाल त्याआधी आपल्या हाती येतो. बहुतेक जण त्यातले फोटो पाहतात. त्याऐवजी मागचे ताळेबंदाचे पान उघडावे आणि व्याजापोटी दिलेल्या रकमेला गाळलेल्या टनांनी भागावे. हा आकडा दर वर्षी वाढत असेल तर का, ते विचारावे. लेखापरीक्षणाचा वर्ग काय मिळाला आणि मागच्या दोषांची दुरुस्ती झाली का, ते पाहावे. संचालकांना आणि त्यांच्या घरच्यांना कर्ज दिले असेल तर त्याचे विवरण सभेपुढे ठेवणे कायद्याने भाग आहे. ते पान गळलेले नाही ना, याची खात्री करावी. बैठका किती झाल्या आणि कोण किती हजर होते हेही विचारता येते. पाच वर्षांत चार वेळा आलेला संचालक कितीही मोठा असला तरी तो टेबलाशी नव्हता.

अहवालात नसेल ते पाहण्याचा हक्क सहकार कायद्याच्या कलम 32 ने सभासदाला दिला आहे. पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, संचालकांची यादी, सर्वसाधारण सभेचे आणि मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त, शिवाय आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी, हे सर्व कचेरीच्या वेळेत फुकट पाहता येते. नक्कल पाहिजे तर फी भरावी लागते. मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त मागणारा सभासद आम्ही क्वचितच पाहिला. मागितले म्हणून कोणी रागावणार नाही, आणि रागावले तर ते का, हेही कळेल.

सभेत प्रश्न विचारायचा असेल तर तो लेखी आणि मुदतीत द्यावा, पोच घ्यावी. उभे राहून ओरडलेल्या प्रश्नाला माईक मिळत नाही. अहवालाच्या प्रती सिंदेवाही गट कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्यांचा चष्मा घरी राहिला असेल त्यांना आमचे स्लिपबॉय वाचून दाखवतील. भागाकारासाठी कॅल्क्युलेटर टेबलावर आहे.